आधी ब्लँकेट, मग वाघ

जंगल सफारीला येणाऱ्यांसाठीच्या माहिती पुस्तिकेबद्दल कुणीतरी सुचवलंय की तिच्या पहिल्या पानावर वाघाचा फोटो आणि खाली नियमांची यादी असावी. मला हे पटत नाही. तो फोटो बघून आलेला माणूस वाघ दिसला नाही की सफारी वाया गेली म्हणत परततो.

गेल्या जानेवारीत नागपूरहून मावशीला पेंचला नेलं, सिल्लारी गेटनं. पहाटे उघड्या जिप्सीत ती अक्षरशः कुडकुडत होती. ब्लँकेट लागतं हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. असल्या गोष्टी आधी लिहा. कानटोपी, बुकिंगला दिलेलंच मूळ ओळखपत्र, ताडोबा मंगळवारी बंद.

मग जंगल वाचायला शिकवा, इथे हवी तेवढी पानं घ्या. गाइडनं मावशीला ऐनाचं खोड दाखवलं, मगरीच्या पाठीसारखं भेगाळलेलं. तेवढ्यात चितळाचा कॉल आला, म्हणजे वाघ-बिबट्या जवळ असल्याचा इशारा देणारी हाक. ड्रायव्हरनं गाडी थांबवून बंद केली. वरच्या फांदीवरचं वानर एकाच दिशेला टक लावून बघत होतं आणि मावशी श्वास रोखून त्या वानराकडे. वाघ आला नाही, पण महिनाभर ती त्या वानराबद्दलच बोलत होती.

आणि अक्षर मोठं ठेवा, पुस्तिका पहाटेच्या अंधारात गेटवरच उघडली जाते.