दिवाणखान्यात डग्गा घुमतो; दोष स्पीकरचा की खोलीचा?

प्रश्न (फोंडा): आमच्या जुन्या चिरेबंदी घरातील ५ मीटर लांब दिवाणखान्यात महागडे स्पीकर बसवले, तरी डग्गा नुसता घुमतो आणि गाण्याचे शब्द अस्पष्ट होतात. असे का व्हावे?

उत्तर (मडगाव): दोष बहुधा खोलीचा आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४४ मीटर धरल्यास, ५ मीटर अंतरावरील समांतर भिंतींमध्ये सुमारे ३४ हर्ट्झला आणि त्याच्या पटींत स्थिर तरंग (जागच्या जागी कमी-जास्त होणारे ध्वनितरंग) उभे राहतात, म्हणून ठरावीक खर्ज स्वरच फुगतात. हा फुगवटा भिंतीलगत जास्त जाणवतो, म्हणून भिंतीला टेकलेली खुर्ची आधी पुढे ओढून पाहावी. त्याला खर्च नाही.

उत्तर (म्हापसा): शब्द मात्र गुळगुळीत फरशीवरून व गिलाव्यावरून परतणाऱ्या ध्वनीमुळे बिघडतात. तेथे जाड सतरंजी उपयोगी पडते.

प्रश्नकर्ता: खुर्ची दीड मीटर पुढे घेताच डग्गा सुटा ऐकू आला. सतरंजी पावसाळ्यात ओल धरेल, एवढीच धास्ती आहे.