नवा लेथ की जुना एचएमटी: हिशेब कसा मांडावा?

प्रश्न:
कोल्हापुरात शिरोलीजवळ भाड्याच्या गाळ्यात मी लेथवर (धातूचा तुकडा फिरवत कातणाऱ्या यंत्रावर) जॉबवर्क सुरू करीत आहे. पंपाच्या शाफ्टचे (फिरणाऱ्या दांड्याचे) आणि गनमेटल बुशचे (शाफ्ट ज्यात फिरतो त्या छोट्या नळीचे) काम निश्चित झाले असून शाफ्टची लांबी 400 मिमी आणि व्यासाचा टॉलरन्स (चालणारा फरक) 0.02 मिमी आहे. राजकोटच्या नव्या ऑल गिअर (गिअरने वेग बदलणाऱ्या) लेथचे कोटेशन 3,60,000 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 4,24,800 रुपये आहे. तर बंद झालेल्या एका वर्कशॉपमधील एचएमटी एनएच 26 लेथ 2,80,000 रुपयांना, परंतु बिलाशिवाय मिळत आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर 1:
आपल्याला दिसतो तेवढा फरक प्रत्यक्षात नाही. आपली जीएसटी नोंदणी असेल, तर भरलेल्या 64,800 रुपयांच्या जीएसटीचे क्रेडिट (पुढच्या करातून वजावट) मिळून नवा लेथ 3,60,000 रुपयांनाच पडतो. शिवाय बिलाशिवाय घेतलेल्या यंत्रावर आयकरात 15 टक्के घसारा दाखविणे अवघड जाते आणि बँकही त्यासाठी कर्ज देत नाही. मात्र नव्याच्या कोटेशनमध्ये चक (काम पकडून फिरवणारा जबडा), स्टेडी (लांब कामाला मधे दिलेला आधार) आणि मोटर धरली आहे का, हे लेखी विचारून घ्या.

उत्तर 2:
खरा प्रश्न बेडचा, म्हणजे यंत्राच्या लांब पायाचा आहे; त्यावरूनच हत्यार धरणारे सॅडल सरकते. वर्षानुवर्षे काम चकजवळच चालत असल्याने बेड तेथे अधिक झिजतो. सॅडल चकजवळ आणून त्याच्या मागच्या पट्टीचे बोल्ट ढील (सैलपणा) जाईपर्यंत आवळा आणि मग ते हाताने टेलस्टॉककडे (चकसमोरच्या टोकाकडे) न्या. वाटेत अडकले, तर झीज आहे असे समजा. बुश 40 मिमीचा असेल तर तेवढ्या अंतरात ही झीज फारशी जाणवत नाही, पण 400 मिमीच्या शाफ्टवर टेपर (दोन टोकांच्या व्यासात फरक) येतोच. मी स्वतः ताज्या रंगाला भुलून असा एक लेथ घेतला होता. बेड ग्राइंडिंग केल्यावर सॅडल खाली बसते, ॲप्रन (सॅडलचा पुढचा भाग) आणि त्याला सरकवणारा लीड स्क्रू यांची रेषा चुकते आणि सॅडलखाली लायनिंग लावून ती पुन्हा जुळवावी लागते. त्या सगळ्यात माझे दोन महिने कामाविना गेले, आणि त्या काळातले गाळ्याचे भाडे मी हिशेबात धरलेच नव्हते.

उत्तर 3:
तरीही जुना एचएमटी पाहण्याआधीच नाकारू नये, असे माझे प्रामाणिक मत आहे. त्याचे कास्टिंग वजनदार असते, त्यामुळे खोल कट घेतानाही यंत्र थरथरत नाही. हेडस्टॉक (चक फिरवणारा भाग) अर्धा तास वरच्या स्पीडला चालवून बेअरिंगचा आवाज ऐका, स्पिंडलच्या (चक फिरवणाऱ्या दांड्याच्या) तोंडातील निमुळत्या भोकाला डायल गेज लावून रनआउट (फिरताना होणारी डगमग) पाहा आणि विक्रेत्याच्या समोर एक शाफ्ट टर्न करून दोन्ही टोकांना मायक्रोमीटर लावा.

प्रश्नकर्ता:
सर्वांचा आभारी आहे. काल जाऊन पाहिले. हेडस्टॉक उत्तम आहे, परंतु सॅडल बेडच्या मध्यावरच अडकले आणि शाफ्टच्या दोन टोकांत 0.07 मिमीचा फरक आला. शाफ्टसाठी नवा लेथ घेत आहे. विक्रेता 1,50,000 रुपयांपर्यंत उतरला आणि पक्के बिल दिले, तर एचएमटी पुढे बुशसाठी घेईन.