"तुम्ही नक्की कुठले?" कॅन्सर आणि फॉरेन्सिक, दोन्ही करणारा शास्त्रज्ञ कच्चा असतो का?

प्रयोगवही
भाच्याची पीएचडीची मुलाखत झाली. एमएस्सीला त्याने ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) झालेल्या मुलांच्या रक्तात मेथोट्रेक्सेट हे औषध किती उरतं ते मोजलं. आता व्हिसेऱ्यातल्या, म्हणजे शवविच्छेदनात काढलेल्या आतल्या अवयवांतल्या, कीटकनाशकांवर काम करायचंय. यंत्र तेच, रेणूंच्या वजनावरून पदार्थ ओळखणारं मास स्पेक्ट्रोमीटर. समितीतले एक जण म्हणाले, "म्हणजे तुम्ही नक्की कुठले?" पोरगं तोंड पाडून घरी आलं.

मला अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग आठवल्या. शाळकरी वयात त्यांची जिवलग मैत्रीण कॅन्सरने गेली. आधी गणित शिकल्या, मग जनुकशास्त्र. १९७४पासून त्या स्तनांचा कॅन्सर घराण्यात उतरतो का, हे शोधत होत्या. १९८४मध्ये अर्जेंटिनातल्या आज्यांचं काम त्यांच्याकडे आलं. लष्करी राजवटीत (१९७६ ते ८३) लेकी-सुना गायब झालेल्या, नातवंडं भलत्याच घरात वाढत होती. आईबापच नाहीत, तर नातं सिद्ध कसं करायचं? पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो. त्यामुळे आईची आई पुरते. ती नसली तर मावशी, अगदी मामासुद्धा चालतो. त्यांनाही विचारायचं का, बाई तुम्ही कुठल्या?

अर्धा कप
गोष्ट अर्धीच सांगितलीत. १९९०मध्ये किंगबाईंनी स्तनांच्या कॅन्सरचं जनुक सतराव्या गुणसूत्रावर आहे एवढं दाखवलं. प्रत्यक्ष जनुक १९९४मध्ये मार्क स्कोल्निक यांच्या गटाने, म्हणजे मिरियड कंपनीवाल्यांनी, हाती लावलं. दोन दगडांवर पाय ठेवला की असं होतं. दुसरं, पेपर चुकला तर मागे घेता येतो. कोर्टात रिपोर्ट चुकला तर माणूस आत जातो. ही हौसेची जागा नाही.

प्रयोगवही
मिरियडने त्या जनुकाचं पेटंट घेतलं आणि अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २०१३मध्ये सांगितलं की निसर्गातल्या डीएनएवर मालकी सांगता येणार नाही. शर्यत कशासाठी होती ते यावरून कळतं. आणि दगड दोन कुठे आहेत? १९९०च्या कामात २३ घराणी होती, १४६ रुग्ण. कमी वयात कॅन्सर झालेली घराणी वेगळी काढली तेव्हा कुठे धागा दिसला. इथे वंशावळ वाचायची, तिथेही वंशावळच.

सरकारी नमुना
मी बारा वर्षं व्हिसेऱ्याच्या बरण्या उघडतोय, म्हणून बोलतो. यंत्र तेच असेल हो, पण नमुना तो नाही. मुलाच्या रक्तात काय शोधायचं ते आधीच ठाऊक असतं. बरणीत मिठाच्या पाण्यात कुजत आलेला तुकडा असतो आणि काय शोधायचं हेच माहीत नसतं. त्यात सील, पंचनामा, आणि उलटतपासणीत वकील विचारणार, "बरणी तुमच्याकडे आली तेव्हा सील शाबूत होतं का?" हे पुस्तकात नाही. तरी भाच्याला नाही म्हणू नका. दवाखान्याकडून आलेली माणसं मोजणीत काटेकोर असतात, आमच्याकडे त्याची वानवा आहे.

हैदराबादी मिसळ
आपले शास्त्रज्ञ लालजी सिंह विसरलात का राव? पट्टेरी मण्यारीच्या लिंग-गुणसूत्रांवर काम करत होते. त्यातून जो प्रोब (डीएनएतली ठरावीक खूण शोधणारा तुकडा) हाती आला, त्यावर पुढे हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत आपलं डीएनए फिंगरप्रिंटिंग उभं राहिलं. सापवाले म्हणून बसवून ठेवलं असतं तर?

अर्धा कप
सिंह काय, किंग काय, आधी एकाच विहिरीत वर्षानुवर्षं खोल गेलेली माणसं. १९७४ ते ८४, तुम्हीच लिहिलंय, दहा वर्षं झाली. भाच्याची किती झाली? दोन? समितीचा प्रश्न उद्धट असेल, चुकीचा नव्हता.

प्रयोगवही
दहा वर्षांचा मुद्दा मान्य. पण त्या दहा वर्षांची सुरुवात कुठे करायची हे त्याला ठरवू द्या की. तोंड पाडायला लावणारा प्रश्न पहिल्याच दिवशी कशाला? @सरकारी नमुना, पोराला एकदा प्रयोगशाळा बघायला पाठवू का?

सरकारी नमुना
बाहेरच्यांना आत सोडत नाहीत. शनिवारी गेटसमोरच्या टपरीवर पाठवा. येताना वही आणायला सांगा, आणि पोटभर खाऊन येऊ नको म्हणावं, माझ्या गोष्टी जेवणानंतर ऐकायच्या नसतात.