ठाणे-नवी मुंबईला सिंगापूरसारखे पक्षी उद्यान हवे का?

ऐरोलीकर (धागालेखिका)

माझे मत आधीच सांगते. ठाणे किंवा नवी मुंबईत, माणसांना आत शिरून फिरता येईल असे एक मोठे जाळीदार पक्षी उद्यान व्हायला हवे. सिंगापूरच्या मंडाई भागातील ‘बर्ड पॅरडाईज’ अलीकडेच सासूबाईंसह पाहिले आणि हे मत पक्के झाले.

ज्यांनी ते पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देते. सिंगापूरचे जुने जुरोंग पक्षी उद्यान १९७१ मध्ये सुरू झाले आणि जानेवारी २०२३ मध्ये बंद झाले. तेथील पक्षी मंडाईला हलवून त्याच वर्षी मे महिन्यात नवे उद्यान उघडले. सतरा हेक्टर जागा, सुमारे ४०० प्रजातींचे ३,५०० पक्षी आणि आत चालत जाता येतील अशी आठ प्रचंड पक्षीगृहे असा त्याचा पसारा आहे. प्रत्येक पक्षीगृहाला दुहेरी दार असते. पहिले दार मागे बंद झाल्याखेरीज दुसरे उघडायचे नाही, म्हणजे पक्षी निसटत नाही. आत गेल्यावर मात्र आपल्या आणि पक्ष्याच्या मध्ये गज नसतात. आफ्रिकेतील जंगलाच्या धर्तीवर उभारलेले सर्वांत मोठे पक्षीगृह दीड हेक्टरांहून मोठे आहे. त्यात दरी आहे, झाडांच्या शेंड्यांच्या उंचीवरून जाणारा पूल आहे, आणि त्या पुलावरून चालताना हिरवे तुराको पक्षी फांदीवरून फांदीवर धावत जाताना आपल्या नजरेच्या पातळीवर दिसतात. डोक्यावर निळ्या पिसांचा नाजूक तुरा असलेले, कोंबडीएवढे मोठे किरीटधारी कबुतर पायवाटेवरून सावकाश चालत येते आणि माणसांनाच थांबून त्याला वाट द्यावी लागते.

मला सर्वांत मोलाची वाटली ती ही गोष्ट, की तेथे पक्षी कोठे बसायचे, दिसायचे की पानांत दडून राहायचे, हे स्वतः ठरवतो. काही पक्षी खूप शोधूनही सापडले नाहीत आणि ते मला योग्यच वाटले. सकाळी दार उघडताच गेलो म्हणून बरेच काही दिसले. दुपारच्या उन्हात बहुतेक पक्षी गप्प बसतात, तेव्हा जाणाऱ्यांनी सकाळच गाठावी.

आपल्याकडे पक्षी पाहायचे तर गुडघे शाबूत हवेत, दुर्बीण हवी आणि भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाठ हवे. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून निघणारी बोटफेरी उत्तम आहे, पण ती भरतीच्या वेळेवर अवलंबून असते आणि सासूबाईंसारख्यांना बोटीत चढणे-उतरणे अवघड जाते. मंडाईला त्या चाकांच्या खुर्चीतून सगळीकडे फिरल्या. पक्षी जवळून पाहण्याचा हक्क धडधाकट माणसांपुरताच का असावा?

भरती-ओहोटी (नेरूळ)

ताई, आपल्या सासूबाईंना मिळालेल्या आनंदाबद्दल आदर ठेवून मी प्रस्तावाला स्पष्ट विरोध नोंदवतो.

मंडाईच्या उद्यानातही रोहित पक्षी (फ्लेमिंगो) आहेत. ते जाळीखाली राहतात, आणि बंदिवासातील रोहितांचा गुलाबी रंग टिकावा म्हणून खाद्यातून रंगद्रव्य द्यावे लागते, कारण हा रंग निसर्गात त्यांना शेवाळ आणि बारीक जलजीवांतून मिळतो. आपल्या ठाणे खाडीत हेच पक्षी दर हिवाळ्यात हजारोंच्या संख्येने आपणहून येतात आणि मे-जूनपर्यंत राहतात. खाडीच्या चिखलातील शेवाळच त्यांना रंगवते. २०१५ मध्ये खाडीचा सुमारे १,६९० हेक्टरांचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये त्याला पाणथळ जागांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. जगातील मोजक्या महानगरांना असे काही लाभले आहे. ते सोडून आपण जाळी आणि परदेशी पोपट मागायचे?

येथील खरा प्रश्न पाण्याचा आहे. ओहोटीला रोहित खाडीच्या उघड्या चिखलावर खातात. भरतीला तो चिखल बुडतो, तेव्हा त्यांना उथळ पाण्याची, निवांत उभे राहण्याची दुसरी जागा लागते. नेरूळचा डीपीएस तलाव आणि आसपासच्या पाणथळ जागा यासाठीच आहेत. तलावात खाडीचे पाणी येण्याचे मार्ग बुजले, तलाव सुकला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात नेरूळ परिसरात रोहित मरून पडलेले आम्ही पाहिले. त्याच वर्षी मे महिन्यात घाटकोपरजवळ विमानाच्या धडकेने तीसहून अधिक रोहित एका रात्रीत गेले. नेहमीची विसाव्याची जागा मोडली की थवे भलत्या वेळी भलत्या वाटेने उडतात, अशी पक्षीप्रेमींना तेव्हापासून चिंता आहे. सुमारे तीस एकरांच्या त्या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास राज्य वन्यजीव मंडळाने २०२५ मध्ये मान्यता दिली, ती अनेक नागरिकांच्या पाठपुराव्यानंतर.

मंडाईचे सतरा हेक्टर म्हणजे बेचाळीस एकर होतात. एवढी मोकळी जागा या पट्ट्यात कोठे आहे, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे. मला तरी एकच उत्तर दिसते. ‘पडीक पाणथळ’ असा शिक्का मारून तलावांच्याच काठावर डोळा ठेवला जाईल, आणि पक्ष्यांच्या नावाने पक्ष्यांचीच जागा जाईल.

कोपरीची शिक्षिका

मी महापालिकेच्या शाळेत शिकवते आणि धागालेखिकेच्या बाजूने बोलते.

माझ्या वर्गातील मुलांना खाडीपुलावरून जाताना रोहित दिसतात ते दूरवरच्या गुलाबी रेघेसारखे. ‘बाई, ते खरे आहेत का?’ असे मुले विचारतात. पक्ष्याचा डोळा, पापणी, पिसे साफ करण्याची पद्धत, पिलाला भरवणारी चोच, यांतले काही त्यांनी पाहिलेले नसते. दुर्बिणी चाळीस मुलांत दोन. ज्या पक्ष्याशी ओळखच नाही त्याच्या तलावासाठी ही मुले मोठी झाल्यावर का उभी राहतील? भरती-ओहोटी यांनी मांडलेला पाण्याचा मुद्दा मी पूर्ण मान्य करते, पण तो मुद्दा समजणारे नागरिक घडवायचे कोठे, याचे उत्तर त्यांच्या प्रतिसादात नाही.

सिंगापूरचे तिकीट आणि विमानभाडे आमच्या पालकांच्या आवाक्यातले नाही, हेही लक्षात घ्यावे. भायखळ्याच्या राणीच्या बागेत २०२० पासून आत फिरता येईल असे पक्षीगृह आहे. आकाराने लहान असूनही आमच्या सहलीत मुले तेथून हलायला तयार नव्हती.

वाशीकर

राणीच्या बागेचा उल्लेख झाला म्हणून थोडक्यात लिहितो. तेथील पक्षीगृह चांगले आहे, परंतु सुटीच्या दिवशी रांग पुढे सरकत राहते आणि मागून ‘चला, चला’ ऐकू येते. गर्दीची मर्यादा कडक नसेल तर आत शिरून फिरण्यात अर्थ उरत नाही. पक्षी लपतो आणि माणसाला फक्त माणसांच्या पाठी दिसतात. प्रस्तावाला माझा विरोध नाही, मात्र प्रवेशसंख्या ठरवूनच उद्यान उघडावे.

येऊरचा पायथा

जखमी पक्ष्यांना उपचारापर्यंत पोहोचवण्याचे काम मी ठाण्यात स्वेच्छेने करतो, त्यामुळे या चर्चेत नसलेली एक बाजू मांडतो.

संक्रांतीच्या सुमारास मांज्याने पंख कापलेल्या घारी, घुबडे आणि बगळे मोठ्या संख्येने हाती येतात. त्यांतील काही बरे होऊन उडतात. काहींचे सांधे कायमचे निकामी होतात. हे पक्षी पुन्हा कधीच शिकार करू शकणार नाहीत आणि त्यांना जन्मभर सांभाळायला पुरेशी जागा कोणाकडेच नसते. भारतीय वन्य पक्षी घरात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, मग तो पोपट असो वा मुनिया, आणि ते योग्यच आहे. प्राणिसंग्रहालय चालवायचे तर केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता घ्यावी लागते. अशी मान्यता घेऊन उभारलेल्या पक्षीगृहात न उडू शकणाऱ्या देशी पक्ष्यांना आयुष्य काढता आले, तर त्या उद्यानाला मी मनापासून पाठिंबा देईन.

पण मकाव, कोकाटू आणि लोरी असे परदेशी पोपट आणून बसवायचे आणि मधाच्या वाटीवर त्यांना पर्यटकांच्या हातावर उतरवून छायाचित्रे काढायची, याला माझा विरोध आहे. असे छायाचित्र पाहून घरी परतलेला माणूस दुसऱ्या आठवड्यात पक्ष्यांच्या बाजारात चौकशी करतो. ‘सर, मकाव कोठे मिळेल?’ असे दूरध्वनी मला येतात. हातावर बसलेला पोपट प्रेम शिकवतो असे म्हणणाऱ्यांनी पिंजऱ्यात कंटाळून स्वतःची पिसे उपटणारा पोपट एकदा पाहावा.

हवामानाचाही विचार व्हावा. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावर आहे, तेथे वर्षभर पाऊस आणि जवळपास सारखेच तापमान असते. आपल्याकडे चार महिने मुसळधार पाऊस आणि मग सात-आठ महिने कोरडे. तिकडच्या सदाहरित रचनेची नक्कल केली तर मे महिन्यात झाडे आणि पक्षी दोन्ही तापतील. २०२१ च्या तौक्ते वादळात ठाण्यात उन्मळलेली झाडे आठवावीत. मोठ्या जाळीवर असे झाड पडले तर काय, याचे उत्तर आराखड्यातच असायला हवे. त्याच वर्षी जानेवारीत राज्यात बर्ड फ्लू आला होता. बंदिस्त जागेत शेकडो पक्षी ठेवणाऱ्याला वेगळे विलगीकरण कक्ष आणि पूर्णवेळ पशुवैद्य टाळता येणार नाहीत.

ऐरोलीकर

लोरीला हातावर खाऊ घालण्याबद्दलची हरकत मला पटते. आपल्या उद्यानात ती प्रथा नसावी. मात्र अशी उद्याने केवळ मनोरंजन करतात, हे मला मान्य नाही.

सिंगापूरमधील काळ्यापांढऱ्या धनेशाचे उदाहरण घ्या. तो तेथून शतकाहून अधिक काळ नाहीसा झाला होता. १९९४ मध्ये पुलाऊ उबिन बेटावर पुन्हा दिसला, पण वाढेना, कारण धनेशाच्या मादीला अंडी घालताना स्वतःला लिंपून घेता येईल एवढी मोठी ढोली लागते आणि तशी जुनी झाडे उरली नव्हती. जुरोंग उद्यानातील लोकांना बंदिवासातील धनेशांच्या विणीचा अनुभव होता. तेथील राष्ट्रीय उद्यान विभाग आणि संशोधकांसह त्यांनी कृत्रिम ढोल्या तयार करून झाडांवर बसवल्या, आत कॅमेरे लावून निरीक्षण केले, आणि आज हा पक्षी सिंगापूरच्या वस्त्यांतही दिसतो. बाली मैनेचे तसेच आहे. पिंजऱ्यासाठी पकडून पकडून जंगलातील तिची संख्या बोटांवर मोजण्याइतकी झाली होती. बंदिवासात वाढलेल्या मैना सोडूनच बाली बेटावर तिला परत आणावे लागले. येऊरच्या जंगलातही धनेश आहे आणि जुन्या झाडांची वानवा तेथेही आहे. हे ज्ञान आपल्याकडे कोण जमवणार?

भरती-ओहोटी (नेरूळ)

धनेशाचे उदाहरण खरे आहे आणि चांगले आहे. पण त्यातून आत फिरता येणाऱ्या पक्षीगृहाची गरज सिद्ध होत नाही.

आपल्या देशातील पक्षीसंवर्धनाचे मोठे काम हरियाणातील पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्रात झाले. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे, मेलेली गुरे खाणारी गिधाडे मरतात हे सिद्ध झाल्यावर २००६ मध्ये गुरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. पिंजोरला वाढवलेली लांब चोचीची गिधाडे २०२४ मध्ये आपल्या पेंचलाही आणली गेली. ते केंद्र पर्यटकांसाठी नाही. जो पक्षी जंगलात सोडायचा त्याला माणसाची सवय लागू द्यायची नसते. आत फिरता येणाऱ्या उद्यानात नेमके उलटे घडते: पक्षी माणसाला घाबरेनासा होतो, आणि ती सवय लागलेला पक्षी बाहेर सोडला तर पकडणाऱ्याच्या हाती सर्वांत आधी लागतो. तेव्हा प्रजनन हवे असेल तर बंद केंद्र काढा. लोकांना पक्षी दाखवायचे असतील तर खाडी दाखवा. दोन्ही कामे एका जाळीखाली होत नाहीत.

शिक्षिकाबाईंच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे आहे. तलावाच्या बांधावर चाकांच्या खुर्चीला चालेल असा सपाट मार्ग, पक्ष्यांना माणूस दिसू नये म्हणून बांबूच्या आडोशाची दोन-तीन निरीक्षणगृहे, प्रत्येकात तिपाईवर बसवलेली दुर्बीण, त्यातील एक मुलांच्या उंचीची, आणि भरतीच्या वेळी हजर राहणारा माहीतगार मार्गदर्शक. भरतीला रोहित तलावात जवळ येतात, तेव्हा चांगल्या दुर्बिणीतून त्यांचा डोळाच काय, चोचीचा बाकही दिसतो. ऐरोलीकर ताईंच्या सासूबाईंनाही येथे विनासायास येता येईल. जाळीच्या उद्यानाच्या तुलनेत खर्च किरकोळ आहे.

कोपरीची शिक्षिका

असे निरीक्षणगृह झाले तर मी पहिल्या हिवाळ्यातच वर्ग घेऊन येईन, आणि ही मागणी लेखी द्यायची असेल तर माझी सही गृहीत धरावी. पण रोहित जूनमध्ये निघून जातात आणि शाळा जूनमध्ये उघडते. जून ते ऑक्टोबर मुलांना काय दाखवायचे? कर्नाळा अभयारण्यात पावसाळ्यात पायवाटा निसरड्या असतात, तेथे पहिली-दुसरीची मुले नेणे मला धोक्याचे वाटते.

येऊरचा पायथा

त्या महिन्यांसाठीच न उडू शकणाऱ्या देशी पक्ष्यांचे पक्षीगृह सुचवतो. घार, पिंगळा, बगळा, तांबट, वेडा राघू हे मुलांच्या खिडकीबाहेरचेच पक्षी आहेत. पाणथळीपासून दूर, शहराच्या आतील एखाद्या विद्यमान उद्यानात एक-दीड एकर पुरेल. प्रत्येक पक्ष्याशेजारी तो जखमी कसा झाला ते लिहावे.

ऐरोलीकर

एक-दीड एकरात पक्ष्याला दडून बसायला जागा उरत नाही, आणि माझा सारा आग्रह त्याच जागेसाठी आहे. ज्याला उडता येत नाही त्याला तर माणसांपासून दूर जाण्याची सोय इतरांहून अधिक हवी, मग ती दाट झुडपांची असो वा उंच फांदीपर्यंत चढत जाणाऱ्या तिरप्या ओंडक्यांची. निदान पाच एकर, पाणथळीबाहेर, प्रवेशसंख्या मर्यादित आणि हातावर खाऊ घालणे बंद, या अटींवर मी मूळ प्रस्ताव कायम ठेवते. नेरूळच्या बांधावरील सपाट मार्गाची मागणी त्याआधी पूर्ण व्हावी, कारण तलाव आणि पक्षी दोन्ही आजच तेथे आहेत. भरती-ओहोटी यांनी मसुदा लिहिला तर पहिली सही माझी असेल.