मालमत्ता कराच्या दाव्यांमध्ये वकिली करावी का?

प्रश्न:
सनद मिळाल्यापासून मी मुंबईतील एका ज्येष्ठ वकिलांकडे दिवाणी कामे पाहत आहे. अलीकडे मालमत्ता कराच्या दोन अपिलांची तयारी माझ्याकडे आली आणि विषयाची गोडी लागली. केवळ याच क्षेत्रात पूर्णवेळ वकिली उभी राहू शकते का? त्यासाठी काय शिकावे?

प्रतिसाद १:
उभी राहते, परंतु सावकाश. मुंबईत १ एप्रिल २०१० पासून करयोग्य मूल्याऐवजी (अपेक्षित वार्षिक भाड्यावरून काढलेले मूल्य) भांडवली मूल्यावर (बाजारभावावर आधारित मूल्य) कर आकारला जाऊ लागला, आणि रेडी रेकनरचा (शासनाच्या मालमत्ता दरांच्या तक्त्याचा) दर, चटईक्षेत्र, वापर, बांधकामाचा प्रकार, इमारतीचे वय या प्रत्येक घटकावर वाद घालण्यास जागा निर्माण झाली. त्यामुळे युक्तिवादाइतकेच महत्त्व मोजमापाला आहे. दुकानातील पोटमाळा पूर्ण मजला म्हणून धरला गेला असेल, तर मंजूर नकाशा आणि विभाग कार्यालयाचा तपासणी अहवाल शेजारी ठेवून प्रत्येक आकडा स्वतः ताडून पाहावा. हे काम कारकुनावर सोडणारा वकील या क्षेत्रात टिकत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद २:
वरील मताशी सहमत आहे. मात्र अनेक अपिले गुणवत्तेवर चालण्यापूर्वीच पडतात, हे नवोदितांना कुणीतरी बजावून सांगायला हवे. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम २१७ खाली लघुवाद न्यायालयात जाण्यापूर्वी पालिकेकडे मुदतीत हरकत नोंदवून तिचा निर्णय झालेला असावा लागतो, आणि देयक आल्यानंतर अपील करायचे असल्यास मागणीची रक्कम आधी आयुक्तांकडे जमा करावी लागते. पक्षकार बहुधा देयक हाती पडल्यावरच धावत येतो. म्हणून पहिल्याच भेटीत हरकतीची पोच मागावी. वकीलपत्राचा विचार त्यानंतर.

प्रतिसाद ३:
अभ्यासासाठी दोन निकाल मुळातून वाचावेत. दिवाण दौलतराय कपूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७९ मध्ये ठरवले की, भाडे नियंत्रण लागू असलेल्या इमारतीचे वार्षिक मूल्य (ज्यावरून करयोग्य मूल्य काढतात) प्रमाण भाड्यापलीकडे, म्हणजे भाडे कायद्याने ठरलेल्या कमाल भाड्यापलीकडे, नेता येत नाही. दुसरा निकाल ७ नोव्हेंबर २०२२ चा: मुंबईच्या भांडवली मूल्य नियमांपैकी २०, २१ व २२ हे नियम उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केले होते, तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने कायम केला आणि जमिनीचे मूल्य तिच्या आजच्या स्थितीवरून ठरवावे, भविष्यात होऊ शकणाऱ्या बांधकामावरून नव्हे, असे स्पष्ट केले. मोकळ्या भूखंडांच्या मालकांसाठी हा निकाल फार मोलाचा आहे. करयोग्य मूल्याची पद्धत जुनी म्हणून बाजूला सारू नका. पुण्यात आजही तीच चालते, आणि तेथील अपिले महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४०६ खाली होतात.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. पोटमाळ्याचा मुद्दा माझ्या एका अपिलात तंतोतंत लागू आहे. मंजूर नकाशाच्या प्रमाणित प्रतीसाठी उद्याच अर्ज करतो.