डिस्क भरली म्हणते, पण फायली सापडत नाहीत! वाचनालयाच्या बॅकअपसाठी सल्ला हवा

गवतीचहा
आमच्या वाचनालयातले जुने दिवाळी अंक स्कॅन करायचं काम दीड वर्षापासून चालू आहे. ६०० डीपीआयला ए-फोर आकाराचं एक रंगीत पान टिफमध्ये १०० एमबीच्या आसपास जातं, म्हणजे जागा कशी संपते बघा. डेबियन (लिनक्स) टाकलेला जुना पीसी आहे. सिस्टीम १२० जीबीच्या एसएसडीवर, स्कॅन वेगळ्या ४ टीबीच्या डिस्कवर. रोज रात्री २ वाजता क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम चालवणारी सोय) आरसिंकची (फायली जुळवून कॉपी करणारा प्रोग्रॅम) स्क्रिप्ट चालते आणि सगळं नॅसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवणीच्या डब्यावर जातं (एनएफएसने जोडलेला, दोन डिस्क, रेड १ म्हणजे दोन्हींवर तेच).

दुखणं एक: शुक्रवारपासून पीसीवर धड लॉगिन होत नाही. डीएफ (डिस्क किती भरली ते सांगणारी आज्ञा) म्हणतं एसएसडी १०० टक्के भरली. डीयूने (फायलींची बेरीज करणारी आज्ञा) मोजलं तर जेमतेम २२ जीबी! बाकीची जागा गेली कुठे?

दुखणं दोन: आमचे एक काका (निवृत्त शिक्षक) विंडोजवरून थेट नॅसवर जाऊन फायलींची नावं दुरुस्त करतात. म्हणजे करायला जातात. फाइल उघडते, पण नाव बदलू देत नाही.

शिवाय, आरसिंक सोडून बॉर्गकडे (दुसरा बॅकअप प्रोग्रॅम) जावं का?

दीडशहाणा
पुसलेली मोठी फाइल एखाद्या प्रोसेसने अजून उघडी धरली असेल. रीबूट मारा, जागा सुटेल. नॅसवर सरसकट ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) द्या, विषय संपला.

गवतीचहा
रीबूट दोनदा झालं, फरक शून्य. ७७७ सुडो लावून (म्हणजे रूटच्या, मुख्य प्रशासकाच्या अधिकाराने) दिलं तरी ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’.

पारावरचा
ताई, गुरुवारी वीज गेली होती का?

गवतीचहा
हो, दिवसभर! तुम्हाला कसं कळलं?

पारावरचा
कारण हा मार मीही खाल्लाय. वीज आल्यावर पीसी अर्ध्या मिनिटात उठतो, नॅसला काही मिनिटं लागतात. पीसीने नॅस माउंट करायचा, म्हणजे एका फोल्डरवर जोडायचा प्रयत्न केला तेव्हा नॅस झोपेत, म्हणून माउंट फसलं. पण ज्या फोल्डरवर नॅस चढतो ते फोल्डर एसएसडीवर असतंच, फक्त रिकामं. आरसिंकला तेवढंच पुरतं. त्याला वाटलं बॅकअप कोराच आहे, म्हणून तो पहिल्या अंकापासून उतरवत सुटला आणि एसएसडी भरल्यावर थांबला.

नंतरच्या रीबूटला नॅस वेळेवर भेटला आणि त्याच फोल्डरवर चढला. तो चढला की खालच्या फायली झाकल्या जातात. डीयूला त्या दिसत नाहीत, डीएफ मात्र भरलेले ब्लॉक मोजतं. सतरंजीखाली केर सारल्यासारखं.

उपाय: एक रिकामं फोल्डर करा, नाव समजा ‘चोर’. माउंटला बाइंडचा (तेच फोल्डर दुसऱ्या जागीही दाखवणारा) पर्याय देऊन रूट, म्हणजे सगळ्यात वरचं ‘/’ फोल्डर, त्यावर लावा. साध्या बाइंडमध्ये वर चढलेली माउंट सोबत येत नाहीत, त्यामुळे ‘चोर’मधून आत गेलात की खालचा केर दिसेल. पुसताना पाथ तीनदा वाचा! ‘चोर’ न लावता पुसलंत तर खरा बॅकअप जाईल.

मग बाइंड सोडवा, नॅसही क्षणभर अनमाउंट करा आणि त्या रिकाम्या फोल्डरला सीएचअ‍ॅटर प्लस आय लावून ठेवा. मग माउंट नसताना तिथे रूटलासुद्धा काही लिहिता येत नाही, आणि नॅस मात्र बिनतक्रार चढतो. स्क्रिप्टच्या सुरुवातीला माउंटपॉइंट -क्यू ने डिस्क खरंच चढली आहे का याची तपासणीही घाला, तीही दोन्हीकडची. तुमच्या आरसिंकला डिलीटचा पर्याय आहे का? असेल आणि एखाद्या दिवशी स्कॅनची ४ टीबीची डिस्कच माउंट झाली नाही, तर आरसिंक रिकामं फोल्डर बघून नॅसही रिकामा करेल.

गवतीचहा
डिलीट आहे. 😐

कातरवेळ
दुसऱ्या दुखण्याबद्दल. नेहमीच्या एनएफएसला तुमचं नाव माहीत नसतं, तो खात्याचा आकडा बघतो. डेबियनवर पहिला वापरकर्ता १०००. नॅसवर काकांचं खातं वेगळ्या आकड्याचं, म्हणून त्यांच्या वाट्याला नुसतं वाचणं. सुडोही चाललं नाही, कारण रूट-स्क्वॉशमुळे तुमच्या पीसीचा रूट नॅसवर ‘नोबडी’ होऊन जातो.

पण मी म्हणेन, परवानगी नाकारली म्हणूनच वाचलात. बॅकअपमध्ये कुणी काम करतं का? काकांनी तिथे नाव बदललं असतं, तर रात्री आरसिंकने नव्या नावाची फाइल पुसून जुनी परत आणली असती आणि काका रोज तेच तेच दुरुस्त करत बसले असते. त्यांना ४ टीबीच्या डिस्कवरचं फोल्डर सांबातून (विंडोजला लिनक्सवरचं फोल्डर दाखवणारी सोय) द्या. एक ग्रुप करा, त्यात दोघे. फोल्डरांना २७७५, म्हणजे नवीन फायली आपोआप त्याच ग्रुपच्या होतील. स्कॅन करणाऱ्या खात्याचा युमास्क ००२, म्हणजे नव्या फायलींवर ग्रुपलाही लिहिता येईल. नॅसवर काकांना फक्त वाचू द्या.

@दीडशहाणा, ७७७ हे औषध नव्हे हो.

बॉर्ग उत्तम आहे, मी घरी वापरते. पण त्यातली फाइल काढायला बॉर्गच लागतो, आणि वाचनालयात दर दोन वर्षांनी माणसं बदलतात. साध्या फोल्डरातली टिफ कुणीही उघडेल. म्हणून आरसिंकच ठेवा, फक्त बॅकअप-डिरचा पर्याय घाला, म्हणजे पुसलेलं तारखेच्या फोल्डरात जाऊन पडेल. आणि रेड १ ला बॅकअप समजू नका, चुकून पुसलेली फाइल तो दोन्ही डिस्कवरून इमानेइतबारे पुसतो. एक यूएसबी डिस्क वाचनालयाबाहेर, कुणाच्या तरी घरी असू द्या.

गवतीचहा
केर सापडला, ८४ जीबी! पाथ तीनदा नाही, सहादा वाचला. मग मुद्दाम नॅस अनमाउंट करून स्क्रिप्ट चालवली, ‘नॅस जागेवर नाही’ लिहून गप्प बसली. पारावरचा, कातरवेळ, दोघांचे आभार.

काकांना नवा शेअर दिल्यावर त्यांनी पहिल्याच संध्याकाळी ४० अंकांच्या फोल्डरांचं ‘दीवाळी’चं ‘दिवाळी’ केलं. रात्री आरसिंकने ते सगळे अंक नवीन समजून परत उतरवले. आमचा स्विच १०० एमबीपीएसचा, दुपारी बारापर्यंत चाललं होतं. एक फेरी संपायच्या आत दुसरी सुरू होऊ नये म्हणून काय करतात?

पारावरचा
फ्लॉक -एन. क्रॉनच्या ओळीत स्क्रिप्टच्या आधी. पहिली फेरी चालू असेल तर दुसरी सुरूच होत नाही. आणि काकांना सांगा, शुद्धलेखन शनिवारी.