मदत हवी आहे: न्यू जर्सीत कोलॅबोरेटिव्ह डिव्होर्स, पुण्यात चालेल का?

नमस्कार. एरवी इथे दुसऱ्या नावाने असते, हा आयडी मुद्दाम नवा काढलाय.

आम्ही दोघं न्यू जर्सीत. लग्न पुण्यात, वैदिक पद्धतीने, नोंदणीही तिथलीच. वेगळं व्हायचं दोघांनीही ठरवलंय, त्यामुळे 'आणखी एकदा विचार करा' हे प्रतिसाद कृपया नकोत. ते खातं दोन्हीकडच्या मावश्या-आत्या जोमाने सांभाळताहेत. मुलगी चौथीत आहे.

माझ्या वकीलबाईंनी कोलॅबोरेटिव्ह डिव्होर्स सुचवला. १९९० मध्ये मिनेसोटातल्या स्टू वेब या वकिलांनी ही पद्धत सुरू केली, आणि न्यू जर्सीत २०१४ पासून तिच्यासाठी वेगळा कायदाच आहे. दोघांचे वकील वेगळे, पण चौघांनी एका टेबलाशी बसून ठरवायचं. लपवाछपवी न करता सगळे कागद समोर ठेवायचे. पैशांच्या हिशेबाला दोघांत मिळून एक तटस्थ माणूस, लागलंच तर मुलीशी बोलायला बालतज्ज्ञ. शेवटी करार न्यायाधीशांपुढे जातोच, म्हणजे कोर्टाची पायरी अगदीच चुकत नाही. तिथलं भांडण चुकतं. मेख अशी, की बोलणी फिसकटून कुणी कोर्टात गेलं तर दोन्ही वकिलांना बाजूला व्हावं लागतं. पुन्हा नवा वकील, नवी फी. त्या धाकाने माणसं टेबलावरून उठत नाहीत म्हणे. मला मात्र वाटतं, ज्याच्या हातात पैसा आहे त्याला हा धाक कमीच.

पहिली बैठक झाली. ४०१(के) म्हणजे निवृत्तीची बचत, गाडी, घराचं कर्ज सुरळीत पार पडलं. मग हिशेबाच्या बाई 'लॉकर, पुणे' या ओळीवर अडकल्या. माझे लग्नातले दागिने सासूबाईंच्या नावच्या लॉकरमध्ये आहेत. किंमत किती, विचारलं तर नवरा म्हणाला, "आईला विचारावं लागेल." बाईंनी रकान्यात प्रश्नचिन्ह टाकलं आणि पुढच्या ओळीवर गेल्या.

तर विचारायचंय ते असं. इथला निकाल भारतात धरतात का, की पुण्यात पुन्हा अर्ज करायचा? कोथरूडचा फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, तो माझ्याकडे यायचाय. कसा करून घ्यायचा? आणि ही पद्धत कुणी प्रत्यक्ष वापरलीय का?

प्रतिसाद १
पुण्यात कौटुंबिक वकिली करतो. इथे मोघमच सांगता येईल, कागद बघून नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा वाय. नरसिंह राव खटला वकिलांना दाखवा. परदेशातला एकतर्फी निकाल, आणि तोही आपल्या हिंदू विवाह कायद्यात नसलेल्या कारणावर, इथे टिकत नाही. पण दोघांनीही तिथल्या कोर्टापुढे राजीखुशीने संमती दिली असेल तर तो अपवादात बसतो. म्हणून तुमची संमती निकालात स्वच्छ शब्दांत येऊ द्या आणि प्रमाणित प्रत जपून ठेवा. अगदी निर्धास्त व्हायचं असेल तर त्याच कायद्याच्या कलम १३-ब खाली पुण्यात संमतीचा अर्ज करा. एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. पुढची सहा महिन्यांची थांबणूक माफ करायचा अधिकार कोर्टाला आहे, हे २०१७ च्या अमरदीप सिंग निकालात स्पष्ट झालंय.

फ्लॅटचं नाव अमेरिकन निकालाने बदलत नाही, इथे दस्त नोंदवावाच लागेल. नवऱ्याने बायकोला राहत्या घराचं बक्षीसपत्र दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये, वर स्थानिक अधिभार वगैरे. पण त्यासाठी तुम्ही तेव्हा 'बायको' असायला हव्यात! क्रम चुकवू नका.

प्रतिसाद २
ताई, तुमचा व्हिसा कोणता? एच-४, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेला, असेल तर निकाल लागला की तुमचा इथे राहण्याचा स्टेटसही संपतो. तारीख ठरवण्याआधी इमिग्रेशन वकिलाला भेटाच. आमच्या टेबलावरच्या दोन्ही वकिलांना हा मुद्दा सुचला नव्हता, मीच काढला. बाकी पद्धत चांगली आहे, मुलांसमोर तमाशा झाला नाही. स्वस्त मात्र म्हणवत नाही.

धागाकर्ती
एच-४च आहे. आजच फोन करते, आणि बक्षीसपत्राचं पुढच्या बैठकीत काढते. लॉकरचं काय करू? किल्ली सासूबाईंकडे आहे.

प्रतिसाद १
ते तुमचं स्त्रीधन आहे, लॉकर कुणाच्याही नावावर असला तरी. सोनाराच्या पावत्या आणि लग्नातले फोटो काढून यादी करा, वजनासकट. यादीवर नवऱ्याची सही या बैठकांमध्येच घ्या, आणि दागिने कुणी, कुणाकडे, कोणत्या तारखेपर्यंत द्यायचे ते करारात लिहून घ्या.